बब्रुवान भाऊजींची लाल जोडी

बब्रुवान भाऊजी कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायचे. वस्तू लहान असली तर ती ठेवलेल्या टेबलाभोवती मारायचे. उमापुरात त्यांचं लग्नाचे व्हिडिओ करायचं दुकान होतं. नात्याने ते आमचे कोणी नव्हते, पण माझ्या मालकांना दादा म्हणायचे, म्हणून मी वहिनी.

दुकानातला कॉम्प्युटर त्यांनी सुटे भाग आणून स्वतः जोडला होता. वर त्याला कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त पळवायचे. "कंपनी भित्री असती वहिनी. अंगात दम लई असतो, पण सांगत न्हाई." कॉम्प्युटर तापायचा, म्हणून त्याचं झाकण काढून समोर कूलर ठेवलेला. गिऱ्हाईक घामाने निथळलं तरी कूलरचं तोंड काही वळायचं नाही.

माझ्या थोरलीचं लग्न वैशाखात झालं. दसरा झाला तरी व्हिडिओ तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची टोळी ऊसतोडीला निघणार होती. पुढचे सहा महिने लेक दिसणार नव्हती. मोबाईलमध्ये तिचं लग्न घेऊन जावं, एवढंच माझ्या मनात होतं. मागायला जीभ रेटेना, म्हणून आदल्या दिवशी दुपारी जाऊन नुसती दुकानात बसले.

भाऊजींनी नुकतीच रॅम बदलली होती. काम करताना कॉम्प्युटरला सामान हाताशी ठेवायला जागा लागते, ती रॅम, असं त्यांनी मला सांगितलं. बोटाएवढ्या पट्ट्या असतात. चांगली जोडी महाग, म्हणून त्यांनी गेवराईला जुन्या मालाच्या खोक्यातून स्वस्तातल्या दोन उचलल्या होत्या. दोन्ही लाल, दोन्ही एका उंचीच्या. "सख्खे भाऊ शोभत्यात का न्हाई?" पण व्हिडिओ मंगलाष्टकांपर्यंत आला की कॉम्प्युटर बंद पडायचा. तीनदा अंतरपाट धरला, तीनदा लग्न मोडलं.

शेवटी मी पदराआडून विचारलं, दोन्ही सारख्याच पळतात का? त्यांनी पट्ट्या काढून त्यांवरची बारीक अक्षरं वाचली. एक बरीच मंद निघाली, आणि भाऊजी दोन्हींना सारखंच पळवत होते.

"रंगावरून बैल घेतला तुमी," मी म्हणाले. "आता गाडी हळू बैलाच्या चालीनं हाका."

कॉम्प्युटरचा वेग कमी करायचं भाऊजींच्या जिवावर आलं होतं. पण केला. संध्याकाळच्या आत लग्न लागलं आणि माझ्या मोबाईलमध्ये आलं. मग आल्यागेल्याला ते सांगत सुटले, कॉम्प्युटर वहिनींनी दुरुस्त केला. मला तिथून पळता भुई थोडी झाली.

गेल्या पावसाळ्यात भाऊजी काविळीने गेले. त्या व्हिडिओत ते कुठेच दिसत नाहीत, कॅमेरा त्यांच्याच हातात होता. पाठवणीच्या वेळी फक्त त्यांचा आवाज येतो. "वहिनी, मान वर करा. पोरीची आई कोण व्हती ते कळू द्या." आणि मी वर बघते.