बोलता बोलता संपणारी वाट

वर्गात त्याला सगळे गोगलगाय म्हणत. फळ्यावरचं उतरवून घ्यायला त्याला इतरांच्या दुप्पट वेळ लागे, पण त्याची वही तपासताना मला खाडाखोड कधी सापडली नाही. पुढे तो ट्रॅक्टर चालवू लागला, तोही तसाच. घाईचं काम त्याला कुणी देत नसे आणि अवघड काम दुसऱ्या कुणाला देत नसे.

बायको अगदी उलट. सकाळी तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की दिवा मालवेपर्यंत चाले. "यांच्या वाटचंही मलाच बोलावं लागतं," ती म्हणे. "नाहीतर लोकांना वाटायचं, या घरात ट्रॅक्टर एकटाच राहतो."

मग एका दुखण्यात तिची छाती अधू झाली. चढ चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तिची थोरली बहीण रानाच्या डोंगरापलीकडच्या उतारावर राहायची. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती खुर्चीला खिळलेली. कानानं अधू, त्यामुळे फोनचाही उपयोग नाही. दोन्ही घरांमध्ये एकच पायवाट होती, झाडांतून शिडीसारखी सरळ वर गेलेली. बहिणींची भेट होऊन दोन वर्षं झाली होती.

एका सकाळी त्याने खुंट्यांचा भारा बांधला, जुना लाल सदरा फाडून चिंध्या केल्या आणि म्हणाला, "चल."

"डॉक्टर काय म्हणाले, विसरलात?"

"चढायचं नाही. आडवं चालायचं. तू पुढे हो आणि बोलत राहा."

"हे सांगायला लागतं होय मला?"

ती बोलत पुढे, तो नव्या वाटेच्या खुंट्या ठोकत, त्यांना चिंध्या बांधत मागे. वाक्य सलग चाललं की चढ बरोबर. वाक्य मध्येच तुटलं, तिने श्वास घेतला, की तो खुंटी उपटायचा, दहा पावलं मागे यायचा आणि जरा खालून नवी रेघ शोधायचा.

"सारखं काय मागे बोलावता? कुठे होते मी?"

"मावशी छत्री विसरली, तिथे."

म्हणजे तो सगळं ऐकत होता. हे तिला लग्नानंतर एकवीस वर्षांनी कळलं.

पानगळ झाल्यावर ट्रॅक्टर रानात शिरला. मागचं पातं वरच्या अंगाची माती कापी आणि खालच्या अंगाला लोटी. त्या लोटलेल्या मातीने वाट ऐसपैस दिसे, पण तो चाकं कापलेल्या घट्ट जमिनीवरच ठेवी. "भराव म्हणजे पाहुण्यांपुढची बढाई," तो मला म्हणाला होता, "वजन पडलं की कळते." मोठं झाड आलं की वळसा घाली. गावातून पाहिलं तर उभ्या रानावरून एखादा भुंगेरा चाललाय असं वाटे. दुपारी त्याचा आवाज झाडांत विरघळून जाई, आणि तो थांबलाय की आपल्यालाच डुलकी लागलीय, हे कळत नसे.

ती किटलीतून चहा नेई. वाट लांबत गेली तसा चहा निवत गेला. "गारच झाला की," ती म्हणे. "छान झाला," तो म्हणे.

शेवटच्या वळणावर खडक निघाला. वरून जावं तर तिचा दम तुटणार, खालून जावं तर कडा. तिथे ट्रॅक्टर बंद करून त्याने अकरा दिवस पहार चालवली.

मग दोघं चालत निघाली. ती पुढे, तो मागे. तिने शेजारणीचं सांगितलं, शेजारणीच्या सुनेचं सांगितलं, सुनेच्या शिलाई मशीनचं सांगितलं. अर्धं रान संपलं तरी वाक्य कुठे तुटलं नाही. खडकाचं वळण आलं, आणि शब्दाच्या मधोमध ती गप्प झाली.

त्याने पायाखाली पाहिलं. वाट सपाट होती.

"दम लागला? बस जरा."

ती बसली नाही. तो शेजारी येऊन उभा राहिला. खाली, झाडांच्या फटीतून, एक खिडकी दिसत होती. खिडकीत खुर्ची, खुर्चीत मान खाली घालून काहीतरी विणणारी बाई.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ताईचे केस पांढरे झाले."

मग तिथूनच तिने बोलायला सुरुवात केली, इतक्या मोठ्यांदा, की कमी ऐकू येणाऱ्या ताईनेसुद्धा मान वर केली.

संध्याकाळी परत येताना ती कितीतरी वेळ काहीच बोलली नाही. ताज्या कापलेल्या मातीचा वास सुटला होता. लाल चिंध्या एकेक मागे पडत होत्या. शेवटी त्यानेच विचारलं,

"मग, मावशीच्या त्या छत्रीचं काय झालं?"