अल्पशा आजाराने

बोलायला उभे राहिले की सर आधी मनगटावरचं घड्याळ काढायचे आणि समोरच्या टेबलावर, फोटोच्या हारापाशी, सगळ्यांना दिसेल असं ठेवायचे. मग पुढाऱ्यांच्या रांगेकडे बघून म्हणायचे, "दोनच मिनिटं. गेलेल्याला घाई नाही, बसलेल्यांना आहे."

तुमच्याकडेही असा एखादा माणूस असेल. आमच्या मावळात दहावा म्हणजे नुसता विधी नसतो. नदीच्या घाटावर मांडव पडतो, महाराजांचं प्रवचन होतं, पिंडाला कावळा शिवायची वाट बघता बघता श्रद्धांजलीची भाषणं चालतात. कुणाला बोलू द्यायचं, कुणाला खाली बसवायचं, हे बघायला माइकपाशी एक खमका माणूस लागतो. कामशेतपासून वडिवळ्यापर्यंत तो माणूस म्हणजे सर. आणि त्यांच्या हातात माइक देणारा मी. मांडव, खुर्च्या आणि स्पीकर हा माझा धंदा. रडणाऱ्यांच्या घरी जाऊन वायरी ओढायच्या, त्यामुळे स्वभाव जरा खरखरीत झालाय, आधीच सांगून ठेवतो.

सर झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले. शर्ट पांढरा, इस्त्री कडक, आवाज असा की मागच्या बाकावरचा गप्प बसलाच पाहिजे. एकदा एका पुढाऱ्याने श्रद्धांजली सोडून गावच्या रस्त्याला किती निधी आणला ते सुरू केलं. सर हळूच माइकपाशी वाकले आणि म्हणाले, "साहेब, रस्त्याचं आपण तेराव्याला घेऊ." बायकांच्या बाजूला पदर तोंडाला गेले. मी तर स्पीकरच्या मागे जाऊन हसून घेतलं.

दहाव्याच्या दोन दिवस आधी आम्ही माझ्या टेम्पोतून त्या घरी 'माहिती' घ्यायला जायचो. सर वहीत लिहायचे. नाव, वय, पश्चात कोण कोण. शेवटची ओळ असायची, कशाने गेले. तिथं सरांचं पेन कधी अडलं नाही. फास घेतलेला असो, औषध प्यालेला असो, दारूने लिव्हर गेलेला असो, सर लिहायचे, 'अल्पशा आजाराने'. मी एकदा विचारलं, "सर, हा तर विहिरीत सापडला ना?" तर म्हणाले, "मागं राहिलेल्यांना उद्या गावात तोंड दाखवायचंय. ही ओळ त्यांच्यासाठी असते रे."

मला ते पटायचं. अजूनही निम्मं पटतं.

मग नवलाख उंबरे गावाजवळच्या कंपनीत ठेकेदाराकडे कामाला असलेला पंचविशीतला एक जण गेला. कशाने गेला ते सगळ्यांना माहीत होतं. पेपरवाले हेरॉइन, ब्राउन शुगर असं काहीबाही लिहितात. आमच्याकडे नुसतं पावडर म्हणतात, आणि घेणाऱ्याला गर्दुल्ला. चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "सुटला. आईबाप पण सुटले." बाकीच्यांनी माना हलवल्या. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही हलवली असती. मी हलवली.

त्याच्या चुलत्याने सरांना बाजूला घेतलं. "अॅटॅक म्हणा, सर. धाकटीचं लगीन ठरायचंय." सरांनी घड्याळ काढून ठेवलं आणि माइकवर शांतपणे सांगितलं, हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने दुःखद निधन. मांडवातली सगळी माणसं खाली बघत होती.

त्यानंतर तीन आठवडेही झाले नसतील, त्या पोराचा मित्र गेला. एकाच ठेकेदाराकडे, एकाच पाळीला जाणारे दोघं. हा एकुलता एक, वडील लहानपणीच गेलेले. आई भाताच्या खाचरात राबून घर चालवायची. आम्ही माहिती घ्यायला गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे थोरले दीर सगळं सांगत होते. शेवटची ओळ आली. दीर म्हणाले, "अॅटॅकच लिवा."

सरांनी पेन टेकवलं, तेवढ्यात ती बोलली.

"सर, त्येच्या मैतराच्या दहाव्याला माइकवर तुमीच व्हता ना?"

"हो ताई."

"मी बसलेली तितं. दोगं एकाच पुडीतलं घेत्यात, मला ठावं व्हतं. लय भ्या वाटायचं. पर तुमी म्हणलात अॅटॅक. मी म्हणलं, सर कशाला खोटं बोलत्याल. म्हंजी पावडरीनं कोन मरत न्हाई. त्या दिशी मी घरी यून पोटभर जेवले."

दीर म्हणाले, "बाई, आता ते कशाला काढायचं?"

तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "दुपारचा घोरत व्हता, सर. लय मोट्यानं. गळ्यात पानी आडकल्यागत. मी म्हणलं, लय दिसांनी निवांत झोपलाय, झोपू दे. अंगावर गोधडी टाकली आन् खाचरात गेले."

सरांनी वही मिटली. ओळ कोरीच राहिली.

टेम्पो कामशेत स्टेशनापाशी आला तेव्हा सर म्हणाले, "तळेगावला घे." तिथं त्यांच्या ओळखीचा एक डॉक्टर होता. तासाभराने बाहेर आले तर वहीची दोन पानं भरलेली. वाटेत त्यांनी मला ती वाचून दाखवली. तसलं घोरणं म्हणजे झोप नव्हे, श्वास बंद पडत चाललेला असतो. ओठ, नखं निळी पडतात. कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. त्यावर उताऱ्याचं इंजेक्शन असतं. पण काय घेतलंय ते डॉक्टरला खरं सांगावं लागतं. फिट आली, चक्कर आली असं सांगत बसलं की तेवढ्यात माणूस जातो. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. चाळीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलेला माणूस, मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच त्या माउलीकडे गेले. "घाटावर खरं सांगू का?" असं विचारलं. ती म्हणाली, "सांगा."

दहाव्याला गर्दी नेहमीपेक्षा जास्त. पुढच्या खुर्च्यांवर थोरले दीर आणि भावकी. तिसऱ्या रांगेत आधी गेलेल्या पोराचा चुलता. कावळे झाडावर होते, खाली येत नव्हते. सर उभे राहिले. घड्याळ काढलं आणि खिशात घातलं. मी तेवढ्यावरूनच ओळखलं की आज काहीतरी होणार.

"आपल्या या मुलाचा मृत्यू हेरॉइनमुळे झाला," सर म्हणाले. "याच्या मित्राचाही त्यामुळेच झाला. त्या दिवशी याच घाटावर मी झटका म्हणालो, ते खोटं होतं. मी खोटं बोललो, आणि ते खरं मानून ही आई घरी गेली."

मांडवात एकदम कुजबुज उसळली. तिसऱ्या रांगेतला चुलता उठून उभा राहिला. थोरल्या दिरांनी माझ्याकडे बघून हात आडवा फिरवला. बंद कर.

आता सगळा मावळ माझं गिऱ्हाईक. ह्या भावकीचीच बारा घरं. माझा हात बटणावर होता. लपवण्यासारखं काही नाही, मी बटण फिरवलं.

सरांचं पुढचं वाक्य अर्ध्यात तुटलं. त्यांनी माइकवर एकदा टिचकी मारली आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. गृहपाठ न केलेल्या पोराकडे बघतात तसं. मग माइक टेबलावर ठेवून ते सरळ खुर्च्यांच्या मधोमध आले आणि वर्गातल्या आवाजात बोलायला लागले. गंमत बघा, माइक होता तोवर लोक कुजबुजत होते. तो बंद झाल्यावर ऐकू यावं म्हणून गप्प झाले.

सरांनी सगळं सांगितलं. घोरणं, कुशीवर वळवणं, डॉक्टरला खरं सांगणं. "पोलिसांचं नंतर बघू. लाजेचं नंतर बघू. आधी श्वास. तो चोर असेल, तुमची भांडी विकली असतील त्याने, तरी आधी श्वास." आणि मग जुन्या सवयीने त्यांनी समोरच्यांना प्रश्न केला, "ओठ कसे होतात?"

कोण बोलणार? पोरगा जाऊन दहा दिवस झालेले, आणि ह्या माणसाने घाटावर शाळा भरवलेली. दोघं जण त्यांच्या दंडाला धरायला पुढे आले.

"निळं," बायकांतून आवाज आला. त्याची आई होती.

दंडाला धरणारे जागीच थांबले. पण थोडाच वेळ. मग सरांना धरून मांडवाबाहेर नेलं, एक खुर्ची पडली, कुणीतरी शिवी दिली. सर चपला न घालताच रस्त्यापर्यंत गेले. त्यांच्या चपला मी टेम्पोत टाकून घरी नेऊन दिल्या, दाराबाहेरच ठेवल्या. आत जायचं तोंड नव्हतं मला.

त्यानंतर सरांना कुणी दहाव्याला बोलावलं नाही. "आपल्या घरातलं काय बाहेर काढंल, नेम न्हाई," असं लोक म्हणायचे. त्या आईलाही कुणी हळदीकुंकवाला बोलवत नव्हतंच, आता वाटेत बोलणंही बंद झालं. सर मात्र दर आठवड्याला तिच्या ओट्यावर जाऊन बसायचे. काय बोलायचे, माहीत नाही.

पण एक गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. बाजाराच्या दिवशी सर भाजी घेत असले की एखादी बाई शेजारी येऊन उभी राहायची. वांगी चाचपायची आणि सरांकडे न बघता म्हणायची, "सर, इचारायचं व्हतं. आमच्या पावन्याच्या पोराचं हाय." सरही वांग्यांकडेच बघून म्हणायचे, "पाहुण्याला सांगा, त्याला एकट्याला सोडू नका. आणि उद्या त्याला घेऊन या, आपण जाऊ दवाखान्यात." किती जणींचे पाहुणे त्यांनी पिंपरीच्या दवाखान्यापर्यंत नेऊन आणले, त्यांनाच ठाऊक. कुणाचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. घाटावर खरं बोलणारा माणूस बाजारात मुकाट पाहुणे सांभाळायचा.

मी शेवटी एकदा धीर करून म्हटलं, "सर, त्या दिवशी मी बटण..."

"माइक असता तर निम्मे फोन बघत बसले असते," ते हसून म्हणाले. मग हसू आवरून म्हणाले, "पण पुन्हा करू नकोस."

गेल्या थंडीत सर गेले. त्यांच्या दहाव्याला झाडून सगळे पुढारी आले. ज्येष्ठ मार्गदर्शक म्हणाले, विद्यार्थिप्रिय म्हणाले, एकाने वीस मिनिटं खाल्ली. सरांना मांडवाबाहेर काढलं त्या सकाळबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. माइक माझ्या हाताशी होता, बोललो असतो तर कुणी अडवलं नसतं. त्याची मला आजही शरम वाटते.

होळीनंतरची गोष्ट. भर दुपारी आमच्या आळीतल्या एका रिक्षावाल्याची बायको दुकानात आली, अनवाणी. "भाऊ, टेम्पो काढा. ह्यांच्या गळ्यातनं आवाज यायलाय."

मी टेम्पोची किल्ली उचलली. तिने आणि तिच्या दिराने त्याला टेम्पोत घातलं. अख्खा रस्ता ती मागे फळ्यांवर बसून त्याला कुशीवर धरून होती, एक हात त्याच्या नाकापाशी. मी आरशात तिचं तोंड बघत होतो. तिची बोटं नाकापाशी थांबली की माझा पाय आपोआप अॅक्सिलेटरवर दाबला जायचा. त्याच्या ओठांचा रंग मला आरशातूनही दिसत होता.

दवाखान्यात गर्दी होती. बाकड्यावर आमच्याच गावच्या तिघी-चौघी. डॉक्टर धावत आले, "काय झालं?"

"फिट आली," दीर म्हणाला. "ल्हानपनापास्नं येती."

डॉक्टर फिटचंच काहीतरी विचारायला लागले. मी तोंड उघडलं, देवाशपथ उघडलं. पण त्याआधी ती पुढे झाली. डोक्यावरचा पदर पडला होता, तोही तिने सावरला नाही.

"फिट न्हाई. हेरॉइन हाय. सुईनं घेतलीया. अर्धा तास झाला आसंल."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही. पडदा ओढला गेला. आम्ही बाहेर उभे. दीर भिंतीकडे तोंड करून, ती पडद्याकडे. बाकड्यावरच्या बायका एकमेकींच्या कानाला लागलेल्या. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग आतून एक मोठा, ओढून घेतलेला श्वास ऐकू आला, आणि पाठोपाठ त्याने कुणाला तरी घातलेली शिवी. एवढी गोड शिवी मी आयुष्यात ऐकलेली नाही. सर तिथं हवे होते.

सिस्टर केसपेपर घेऊन बाहेर आली. "काय लिहू?"

दीर घाईने जवळ आला. "वैनी, समदी बसल्याती हितं. फिट लिवू द्या."

"म्या सांगितलं त्येच लिवा," ती सिस्टरला म्हणाली. "आन् मला वाचाया येत न्हाई. ल्ह्यून झालं की मोट्यानं वाचून दावा."

सिस्टरने लिहिलं, आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं.