कॉलेजचा नंबर

माझी भावजय जयवंती कुणाच्या लग्नासाठी घर बघायला गेली की आधी परसदारी जाते. पाणी कुठून येतं, कोण भरतं, चैतात किती उरतं, हे विचारते. मुलगा काळा की गोरा ते नंतर. ती वांगणीची, डोक्यावर हंडे वाहतच वाढली. आमच्या साखरशेत गावातली पोर द्यायची झाली की हिला बोलावणं असतंच, आणि ही मुलाच्या आईला घाम फोडून येते.

दोन हजार चार साली तिच्या लेकीचा, सुनिताचा, तालुक्यातल्याच एका डी.एड. कॉलेजात नंबर लागला. वहिनीचे पाय जमिनीवर नव्हते. तेवढ्यात एका दुपारी दादा घरात डोकावला. दादा म्हणजे माझा भाऊ तुळशीदास, कचेरीत कारकून. हातात कुठलंसं साप्ताहिक. "सुनीच्या कॉलेजचा नंबरच नाही यात. काढून घेऊ तिला," एवढं बोलून गेलासुद्धा. आमच्या दादाला बोलायचे जणू पैसे पडतात.

वहिनी नाचणी पाखडत होती. नंबर नाही म्हणजे पोरीची जागा गेली, असंच तिनं धरलं. सूप तिथंच टाकलं आणि मला दंडाला धरून जीपमध्ये कोंबलं. वाटभर तिच्या डोळ्यांचं पाणी खळलं नाही.

"माझ्या पोरीचा नंबर कुणाला दिलात?" ती थेट प्राचार्यांपुढे उभी राहिली.

"जागा आहे की तिची. सोमवारी पाठवा."

"मग छापून आलंय ते?"

त्यांना उलगडा झाला आणि ते हसले. "बाई, तो कॉलेजांचा नंबर, कुठलं पहिलं, कुठलं दुसरं. त्या साप्ताहिकानं माहिती मागवली होती, आम्ही पाठवली नाही. ज्यांनी पाठवली त्यांनाच नंबर."

"आणि बघायला कोण आलेलं?"

"कुणीच नाही."

वहिनी मटकन खुर्चीत बसली. रडता रडता हसायला लागली. "मेले, न बघताच नंबर देतात," म्हणाली, आणि पदर खोचून उठली. "पोरी राहतात ते दाखवा."

नळाला पाणी दिवसातून एकदाच यायचं, पण विहीर दारात होती. तिनं ती वाकून बघितली. मास्तर वर्गावर येतात का, हे पोरींना विचारलं. येतात, पण गणिताचे फार ओरडतात, असं त्या म्हणाल्या. "ओरडू देत," वहिनी म्हणाली.

संध्याकाळी दादा शहरातलं पहिल्या नंबरचं कॉलेज वाचून दाखवायला बसला. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं.

"तिथं बघायला कोण गेलेलं?"

दादानं पानं उलटसुलट केली. "तसं काही लिहिलेलं नाही."

"इथं मी जाऊन आले, विहीरसुद्धा बघितली. पोर सोमवारी जाणार."

दादानं साप्ताहिक मिटलं आणि मोठा श्वास सोडला. पोर लांब धाडायचं त्याच्याही जिवावर आलं होतं, हे मला तेव्हा कळलं. सुनिताची ट्रंक काढायला तो माळ्याखाली गेला आणि तिथूनच त्यानं विचारलं,

"विहिरीला चैतात पाणी असतं ना गं?"