खो मिळेपर्यंत

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी बरी झालेले नाही. चमत्काराच्या आशेनं कुणी हे वाचत असेल तर त्याची निराशा होईल. आजही सकाळी पहिला अर्धा तास माझी बोटं माझं ऐकत नाहीत. दुधाची पिशवी आईच कापून देते. मी चोवीस वर्षांची आहे.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी खो-खो खेळत होते. पंचवटीतल्या आमच्या मैदानावर खांबाला हात घालून गर्रकन वळणारी मुलगी म्हणून मला सगळे ओळखायचे, आणि मला त्याचा माजही होता. खोड एकच होती. रांगेत उकिडवं बसल्यावर मला दम निघायचा नाही. खो मिळायच्या आधीच मी उठायचे. आमच्या बाई ओरडायच्या, "अगं, पाठीवर हात पडल्याशिवाय उठायचं नाही! किती फाउल करशील?" मी हसायचे. मग एका हिवाळ्यात गुडघे सुजले, पाठोपाठ बोटं. डॉक्टरांनी आमवात सांगितला. "या वयात?" असं ज्यानं त्यानं विचारलं, जणू वय मी चुकीचं सांगत होते.

गोळ्या सुरू झाल्या. मळमळायचं, तोंडाची चव जायची, आणि गुण काही दिसेना. दोन महिन्यांनी मी त्या गुपचूप बंद केल्या. आईला कळू नये म्हणून गोळ्या फेकून पाकिटं रिकामी करत राहिले. देवीवर तर माझा रागच होता. देवघरातल्या सप्तशृंगीच्या तसबिरीकडे बघून मनात यायचं, तुला अठरा हात, आणि माझ्या दोन हातांची मूठही वळत नाही. आईनं मात्र नवस बोलून ठेवला होता, पोरीचे गुडघे बरे झाले तर पायरी पायरीला हळदीकुंकू लावत गड चढेन. ते ऐकून मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, आपण आत्ताच जाऊ, आणि कुंकू मी लावणार. आई म्हणाली, "अगं, गुण आल्यावर फेडायचा असतो नवस. आधी नाही." मी अडूनच बसले. खरं सांगायचं तर ती भक्ती नव्हती, पैज होती. सगळ्या पायऱ्या चढले तर दुखणं खोटं.

आईला दम लागतो, म्हणून ओटीचं सामान घेऊन ती रुळांवरून गडावर जाणाऱ्या ट्रॉलीनं वर गेली आणि मी खालच्या पायरीला वाकले. पहिल्या काही पायऱ्या जिद्दीवर गेल्या. मग प्रत्येक वाकण्याला गुडघ्यात कळ येऊ लागली. एका पायरीवर बोटं टेकवली आणि उठताच येईना. उकिडवी बसून राहिले. बाजूनं माणसं "उदो उदो" करत जात होती; मी तल्लीन झालेय असं वाटून एकानं तर मला नमस्कार केला. मी मान खाली घालून रडत होते. मैदानावर वाऱ्यासारखी पळणारी मी, आणि आता मला एका पायरीवरून उठता येत नव्हतं. पैज मी हरले होते. आता कधीच काही होणार नाही, असं मला त्या क्षणी अगदी स्वच्छ वाटलं.

तेवढ्यात पाठीवर हात पडला. सबंध तळहात, दोन्ही खांद्यांच्या बरोबर मध्ये. "उठ, बाय," कुणीतरी म्हणालं. आणि मी उठले. कळ तीच होती, पण अंगाला सवय होती.

पन्नाशीच्या एक बाई होत्या, निफाडकडच्या. त्यांच्याही हातात कुंकवाचं ताट होतं. "तुझं कुंकू आन इकडं," त्या म्हणाल्या. "तू नुसती चाल. मी दोन बोटं लावीत जाते, एक माझं, एक तुझं." त्या वाकल्या तेव्हा मला त्यांची बोटं दिसली, मुळापासून एका बाजूला कललेली.

"मावशी, हे कशानं?"

"तुझंच दुखणं. सुजलेली बोटं बघूनच वळखलं म्या. बागेत कात्री धरून द्राक्षाची विरळणी करायची मी. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्या सोडल्या. अंगारा लावला, म्हनलं आई बघंल." पुढच्या पायरीवर त्यांनी दोन ठिपके उमटवले. "आईनंच डॉक्टर दिला व्हता. मला वळखू आला नाय."

गोळ्यांबद्दल मी त्यांना चकार शब्द बोलले नव्हते. त्या हे का बोलल्या, मला ठाऊक नाही. वरपर्यंत त्या माझ्यापुढे वाकत गेल्या आणि मी कठड्याला धरून त्यांच्यामागे चढत गेले. दर्शनाच्या रांगेत त्या दिसेनाशा झाल्या; नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

देवीसमोर उभी राहिले तेव्हा मागायला काही आठवेना. एवढंच म्हटलं, आई, मी पुन्हा आधी उठले गं. बाहेर आल्यावर, वाट बघत थांबलेल्या माझ्या आईला गोळ्यांचं सांगितलं. ती रागावली, मग माझी बोटं पदरात धरून रडली. त्याच आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

आता सूज थोडी उतरली आहे. खेळणं सुटलं ते सुटलंच, आणि संध्याकाळी मुलींच्या शिट्ट्या ऐकू आल्या की अजून गलबलून येतं. आईचा नवस फिटायचा राहिलाय. तो फिटेल की नाही, हे मी आता विचारत नाही. त्या वाकड्या बोटांना मात्र रोज मनातल्या मनात नमस्कार करते. सकाळचा तो अर्धा तास पूर्वी मी देवीशी भांडण्यात घालवायचे. आता पलंगाच्या कडेला बसून राहते, पाठ मोकळी ठेवून.