भागाबाईची जामीनदार

ॲड. मालतीबाई सवनेकर यांचे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते माझ्याच ऑफिसच्या दारात. मी हिंगोलीत नुकतीच वकिली सुरू केली होती. कोर्टासमोर पहिल्या मजल्यावर जागा घेतली होती, इंग्रजी आणि मराठी अशी दोन्ही भाषांतली ठळक पाटी लावली होती. पहिल्याच आठवड्यात खेड्यातले एक जोडपे जिना चढून आले. त्यांच्या पोराला पोलिसांनी नेले होते. मी पेनाचे टोपण काढले. ती बाई म्हणाली, "तुमी वकीलच हाव ना? मंग तुमाला माहीत असंल. सवनेकरबाईचं घर कुटं हाय?"

मी खालच्या चहावाल्याला विचारून पत्ता सांगितला. पुढे वकिली सोडेपर्यंत तो किती जणांना सांगितला याची गणती नाही. एकदाही चुकीचा सांगितला नाही, हे या गौरवग्रंथात नमूद असावे.

बाईंची पंचाहत्तरी आहे आणि समितीने माझ्याकडून लेख मागितला आहे. फौजदारी कामे करणाऱ्या आम्ही दोघीच बायका होतो, तेव्हा दुसरे कोणाला विचारणार? 'आदराने दोन शब्द लिहावेत' असे पत्रात आहे. आदर आहेच. त्याच्या शेजारी जे आहे तेही लिहिते, कारण कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला निम्मे खरे लिहायला शिकवले नाही.

लोक बाईंकडे का जात, याचा मी बराच अभ्यास केला. माझे अर्ज त्यांच्या अर्जांपेक्षा चांगले असत. हे मी म्हणत नाही, एका न्यायाधीशांनी भर कोर्टात म्हटले होते. पण बाईंच्या ओसरीवर माणसाला आधी पाणी मिळे आणि मग समजेल असे उत्तर मिळे. जामीन झाला म्हणजे केस मिटली असे समजून लोक पेढे वाटायला निघत. बाई त्यांना खाली बसवत. "जामीन म्हंजे वायदा हाय, बापू," त्या सांगत. "बोलावलं की येईन, असा वायदा. आन् वायद्याला मागं उभं राहणारं माणूस लागतं, ते म्हंजे जामीनदार. तुमचं माणूस पळालं तर दंड त्याच्या डोक्यावर." पोलीस ठाण्यातच जामीन मिळणारा गुन्हा कोणता आणि कोर्टापुढे उभे राहावे लागणारा कोणता, हेही त्या तिथेच सांगून टाकत. फुकट. मी सल्ल्याची फी घेत असे, आणि घ्यायलाच हवी असे माझे आजही मत आहे.

कोर्टांच्या आवारात कोणाच्याही नावाने उभे राहणारे भाडोत्री जामीनदार भेटतात. बाईंनी ते कधी चालू दिले नाहीत. ज्याने आरोपीच्या घरी कधी भाकर खाल्ली नाही, त्याची सही त्यांना नको असे. त्यामुळे त्यांच्या पक्षकारांना सुटायला एखादा दिवस जास्त लागे, आणि तरीही लोक त्यांच्याकडेच जात.

मला टायफॉइड झाला तेव्हा माझ्या सगळ्या तारखा बाईंनी सांभाळल्या. बरी होऊन आले तर माझे सगळे पक्षकार त्यांनी परत केले. एखादा ठेवून घेतला असता तर मला निदान भांडता आले असते. लोक त्यांना 'बाई' म्हणत आणि मला 'म्याडम'. यातला फरक शहरातल्या वाचकांना कळणार नाही, हिंगोलीतल्यांना कळेल.

आता भागाबाईविषयी. ही मेंढपाळाची सून. वारंगा फाट्याच्या बाजूला त्यांचा कळप एका हळदीच्या शेतात शिरला, भांडण झाले, काठ्या चालल्या आणि शेतमालकाचे डोके फुटले. काठी भागाबाईच्या हातात होती असा आरोप आहे. खटला अजून उभा आहे, म्हणून त्यावर बोलत नाही. सेशन्स कोर्टातून बाईंनी तिला जामीन मिळवून दिला. अट एकच होती: जामीनदार याच जिल्ह्यातला, स्वतःच्या नावे जमीन असलेला हवा. भागाबाईच्या माणसांकडे मेंढरे होती, सातबारा नव्हता. ज्यांच्याकडे सातबारा होता ते म्हणत, हे लोक आज इथे तर उद्या तिथे, तारखेला हिला कुठे हुडकायचे? हुकूम झाला तरी भागाबाई परभणीच्या जेलातच. तिचा सासरा सोनबा रोज कोर्टाच्या पायरीवर येऊन बसे. इकडे मेंढ्या व्यायला लागल्या होत्या.

एका दुपारी बाई स्वतः माझा जिना चढून आल्या. त्याआधी त्या कधी आल्या नव्हत्या.

"मॅडम, माझी एक केस घ्या."

मी विचारले, तुम्ही का सोडताय?

"मला भागाची जामीनदार व्हायचंय. वकिलाला आपल्याच पक्षकाराचा जामीन राहता येत न्हाई. माहेरची जमीन हाय माझ्या नावावर, वसमतकडं."

मी म्हटले, "आणि ती पळाली तर?"

"न्हाई पळायची. मी तिला विचारलं, सुटल्यावर कुटं जाशील? म्हणली, मेंढरं जातील तिकडं. पळणारी असती तर म्हणली असती, इथंच ऱ्हाईन."

वकीलपत्र माझ्या नावावर झाले. कालपर्यंतची वकील आज जामीनदार कशी, अशी सरकारी बाजूने हरकत घेतली. मी सांगितले की नियम चालू वकिलाला अडवतो, आणि सवनेकरबाई आज या प्रकरणात वकील नाहीत, वसमत तालुक्यातल्या जमिनीच्या खातेदार आहेत. अर्धा तास बोलले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला युक्तिवाद होता. जामीनदार मंजूर झाला, बाईंनी सही केली, त्यांच्या सातबाऱ्यावर बोजा चढला आणि भागाबाई सुटली. सोनबा बाईंच्या पाया पडला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "म्याडम, तुमी बी व्हता, बरं झालं."

गावोगाव गोष्ट पोहोचली ती अशी, की सवनेकरबाईने धनगराच्या सुनेला सोडवले.

भागाबाई प्रत्येक तारखेला येते. कळप जिथे असेल तिथून एसटीने येते, बाईंकडे जेवते, कोर्टात उभी राहते आणि परत जाते. दरम्यान माझ्या गुडघ्यांनी जिना नाकारला. मी वकिली थांबवली आणि वकीलपत्र एका तरुण वकिलाकडे दिले. आता मलाही जामीनदार होता येत होते. बाईंचे वय झाले आहे, आणि जामीनदार गेला की आरोपीला नवा शोधावा लागतो, नाहीतर पुन्हा आत. हिंगोलीत माझ्या नावावर घर आहे. खरे कारण मात्र एवढेच, की मला बाईंची ती जागा हवी होती.

मागच्या तारखेला मी भागाबाईला कोर्टाच्या व्हरांड्यात गाठले. म्हटले, "बाईंना आता मोकळे करू. तुझ्यासाठी मी राहते."

ती घाबरली. "काहून? बाईला काय झालं?"

"काही नाही. वय झाले."

"मंग असू द्या. बाई हायेत तवर बाईच. त्यायच्या नावावर डाग लागू नये म्हून मी तारखेच्या आदल्या रातीच निघती." मग माझ्याकडे पाहून तिला वाईट वाटले असावे. म्हणाली, "तुमाला काहून तकलीफ, म्याडम?"

मी बाईंना सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, राहू द्या.

तेव्हा या ग्रंथातल्या इतर सगळ्यांप्रमाणे मीही बाईंना उदंड आणि निरोगी आयुष्य चिंतिते. त्यांचे डोळे, कान आणि पाय शाबूत राहोत. भागाबाईचा निकाल लागेपर्यंत तर त्यांनी कुठेही जाऊ नये, आणि निकालानंतरही घाई करू नये. माझ्या घराची कागदपत्रे तयार आहेत. त्यांची जागा मला अजूनही हवी आहे, पण ती त्यांनी स्वतःच्या पायांनी कोर्टात चालत येऊन माझ्या हातात द्यावी. तोवर मी दुसऱ्या नंबरावर उभी राहीन, कुरकुरत.