अळ्यांना जेवू घालणारे तात्या

डाळिंबाच्या बागेत फवारताना तात्या मध्येच थांबत आणि मागे वळून म्हणत, "मागं सर, वारा तुझ्याकडं हाय." मागे कोणी नसायचं. लासुर्ण्यात आमची बाग त्यांच्या बांधाला लागून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वळून पाहिलं. तुम्हीही वळून पाहिलं असतं.

त्यांचा धाकटा भाऊ याच बागेत विषारी औषध मारताना कोसळला, तो उठलाच नाही. भावजयीला ते सांगायला तात्यांनाच जावं लागलं. तेव्हापासून ते मातीत आढळणाऱ्या जिवाणूंची भुकटी फवारू लागले. माणसाला तिचा त्रास नाही. अळीने फवारलेलं पान खाल्लं की तिचं खाणं सुटतं आणि दोन-तीन दिवसांत ती मरते. उन्हं कलली की तात्या पंप मारत अळ्यांना आग्रह करायचे, "जेवा, पोटभर जेवा." पाहुण्यांनाही त्यांनी कधी एवढा आग्रह केला नसेल.

गेल्या हंगामात मात्र अळ्या मरेनात. पालवी संपत आली. तात्या चक्रावले. मग पुतण्या, त्या भावाचाच मुलगा, सहज बोलून गेला, "तेल्याचं औषध त्याच टाकीत टाकलं हुतं. दोनदा कुठं फवारायचं?" तेल्या हा डाळिंबाचा रोगही जिवाणूंचाच. त्याच्या औषधाने तात्यांचे जिवाणूही मारून टाकले होते.

आता पुतण्या थांबायला तयार नव्हता. विषारी औषध आणून त्याने भरलेला पंप पाठीला लावला. "आज मारलं न्हाय तर बाग गेली, तात्या."

तात्यांनी पंप ओढून घेतला. "तुझ्या आईला एकदा सांगून झालंय. पुन्यांदा मला जमायचं न्हाय."

नाकातोंडाला उपरणं गुंडाळून सगळी बाग त्यांनी एकट्याने फवारली. पुतण्या आणि मी बांधावरून त्यांच्यावर नजर ठेवून उभे होतो.

त्यांना काही झालं नाही. बागही वाचली. पण त्यानंतर तात्या बागेत शिरले नाहीत, बांधावरच बसून राहत. एकदा मी म्हणालो, "चला की आत."

"नगं," ते म्हणाले. "त्यो इचारंल, काय मारलंस."

मला त्या झाडांकडे बघवेना.

हिवाळ्यात तात्या गेले. यंदा पुतण्याने जिवाणूंची भुकटी आणली, तिच्यासाठी टाकीही वेगळी ठेवली. फवारल्यावर तिसऱ्या सकाळी त्याने मला हाक मारून बोलावलं. पानांना काळ्या पडलेल्या अळ्या लोंबत होत्या. खरं तर त्याला त्या तात्यांना दाखवायच्या होत्या.