कंपनी बंद पडली त्या दिवशी
परवा कपाट आवरताना जुन्या नोकरीतला हिरवा टाय हाती लागला. जेद्दाच्या विमानतळावर एका आफ्रिकन विमान कंपनीच्या काउंटरवर मी होतो. एका सकाळी मुख्यालयातून फोन आला, की कंपनी बंद झाली, विमान येणार नाही. समोर मक्केची उमरा यात्रा करून परतणाऱ्यांची रांग होती, अत्तराचा आणि खजुरांचा वास दरवळत होता. मी अरबीत सांगितलं, "खलास, विमान नाही." एकच गलका झाला, एकाने माझी कॉलर धरली. रांगेतली एक म्हातारी मात्र शांत होती. नवऱ्याला मक्केत दफन करून ती एकटीच घरी निघाली होती. मोडक्या अरबीत तिने विचारलं, "विमान बिघडलं का?" "नाही आजी, कंपनीच बंद झाली." "मग तुझी नोकरी?" तिला राहायला जागा नव्हती, म्हणून संध्याकाळी तिला अझीझिया भागातल्या आमच्या घरी नेलं, बायकोने माशाचं कालवण आणि भात वाढला. काही दिवसांनी तिला दुसऱ्या विमानात जागा मिळाली. मला नवा कफील, म्हणजे व्हिसाची हमी घेणारा मालक, मिळायला फार वेळ लागला. त्या काळात कंपनीतून कुणाचा फोन आला नाही. तिने मात्र लेकीकडून दोनदा फोन लावून घेतला, मला काम मिळालं का विचारायला. आज ती हयात आहे की नाही, मला ठाऊक नाही.